कायोवा योद्धा फोटोत हसत का नाही? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या महिन्यात जुन्या स्टुडिओ फोटोंवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की माणूस कॅमेऱ्यासमोर कसा बसतो ते शिकायचं असेल तर अमेरिकेतल्या कायोवा लोकांचे १८७० च्या आसपासचे फोटो बघा. त्या एका वाक्यावर एवढ्या मेल येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पण बरेचसे प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते म्हणून इथे एकत्र घेतलेत.

ताई, मी एडिसन, न्यू जर्सीला राहते. इथल्या एका फ्ली मार्केटमध्ये जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो मिळाला, मागे पेन्सिलीने फक्त "कायोवा वॉरियर" लिहिलंय. चेहरा जवळजवळ काळा, गळ्यापासून पोटापर्यंत हाडांच्या नळ्यांसारखं काहीतरी. आठवीतला मुलगा विचारतो की हा एवढा रागावलाय का? आणि उच्चार किओवा की कायोवा?

उच्चार कायोवा. सपाट मैदानी प्रदेशातली, घोड्यावर आणि गव्यांच्या शिकारीवर जगणारी ही जमात, आज त्यांची मुख्य वस्ती ओक्लाहोमाच्या नैर्ऋत्य भागात आहे, कार्नेगी आणि अनाडार्को या गावांच्या आसपास.

रागाचं म्हणाल तर मुलाला आधी घरातला पणजोबांचा फोटो दाखवा. तोही असाच बघतोय की नाही, जसं काही फोटोग्राफरने पैसे बुडवलेत? त्या काळात काचेवरच्या फोटोला काही सेकंद लागायचे, ढग असले की अजून जास्त, मानेमागे लोखंडी स्टँडचा चिमटा लावायचे हलू नये म्हणून, आणि अशा वेळी हसू टिकवून ठेवणं अवघडच. पण हे अर्धंच कारण आहे असं माझं मत. फोटो काढणं हे तेव्हा सगळीकडेच गंभीर काम होतं, बॉस्टनचा व्यापारीसुद्धा दात दाखवत नव्हता. फरक एवढाच की व्यापाऱ्याच्या न हसण्याला आपण "भारदस्त" म्हणतो आणि कायोवाच्या न हसण्याला "क्रूर". खाली "वॉरियर" लिहिलं की बघणारा चेहऱ्यात राग शोधूनच काढतो.

आता त्या नळ्या. त्यांना हेअर पाइप म्हणतात, आणि गंमत म्हणजे या वस्तूचं तुमच्या न्यू जर्सीशी नातं आहे! १९ व्या शतकात या नळ्या शंखाच्या बनायच्या आणि त्या बनवणारा मोठा कारखाना होता बर्गन काउंटीत, कॅम्पबेल नावाच्या कुटुंबाचा. तिथून माल व्यापाऱ्यांमार्फत पार मैदानी प्रदेशात जायचा. नळ्या आडव्या ओवून छातीवर घालायची पद्धत १८५० च्या दशकात कायोवांच्या शेजारच्या कोमांचींनी काढली असं मानतात, पुढे ती सगळीकडे पसरली. १८८० च्या सुमाराला शंखाऐवजी गुरांच्या हाडाच्या नळ्या आल्या, त्या स्वस्त आणि न फुटणाऱ्या, आणि १८८९ मध्ये कॅम्पबेलांचा कारखाना बंद झाला. म्हणजे जे आपल्याला एकदम "आदिम" वगैरे वाटतं ते खरं तर त्यांनी कारखान्यातून माल मागवून स्वतःच्या आवडीने घडवलेलं फॅशनेबल दागिन्याचं काम होतं. केसांत जी चकत्यांची लांब पट्टी लोंबते ती बरेचदा जर्मन सिल्व्हरची असते, तेच आपल्या आजीच्या कपाटातलं जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी नावालाही नसते, तांबं निकेल आणि जस्त.

तुमच्या कार्डाकडे शेवटी परत येते, जरा थांबा.

माझा नाशिकला ३५ वर्षं स्टुडिओ होता, आता मुलगा बघतो. टेक्निकल प्रश्न: या फोटोंत चेहऱ्यावर काळे पट्टे दिसतात, ते लोक काळा रंग लावायचे का? आणि त्या माळरानावर फोटो डेव्हलप कुठे करायचे?

दादा, तुमच्यासारख्याने हा प्रश्न विचारला की बरं वाटतं. काळा रंगही लावायचे, पण फोटोत काळा दिसणारा पट्टा प्रत्यक्षात बहुतेक वेळा लाल असू शकतो. कारण ती ओली काच, कोलोडियन प्लेट, फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला ओळखते. लाल आणि पिवळा तिला जवळजवळ दिसतच नाही म्हणून ते काळे पडतात, आणि निळं फिकट होऊन जातं. आपल्याकडच्या जुन्या फोटोंत बायकांचं ठसठशीत कुंकू काळं ढुस्स दिसतं ते याचमुळे. कायोवांना व्यापाऱ्यांकडून हिंगूळ मिळायचा, शिवाय गेरूसारखी लाल माती होतीच, आणि चेहऱ्याला लाल लावणं अगदी रोजचं होतं. म्हणजे जो चेहरा खोलीत बसलेल्या माणसाला उजळ लाल दिसला असेल तो फोटोत काळाकभिन्न आणि भेसूर झाला. त्वचेचा रंगही त्या प्लेटवर आहे त्यापेक्षा गडदच येतो. निळे मणी मात्र पांढरे होतात, आणि आकाश तर साफ कोरं. तेव्हा या फोटोंत रंगाबद्दल काहीही छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

डेव्हलपिंग तिथल्या तिथे, दुसरा इलाजच नव्हता. काचेवर कोलोडियन ओतायचं, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि सुकायच्या आत, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, डेव्हलप करून धुवून मोकळं व्हायचं. उन्हाळ्यात हे अजून कमी. ओल्या प्लेटवर धुळीचा कण बसला की तो कायमचा ठिपका. आता ओक्लाहोमाचा वारा डोळ्यासमोर आणा! मग छापायला अंड्याचा पांढरा बलक लावलेला अल्ब्युमिन कागद, निगेटिव्हखाली ठेवून उन्हात.

हे सगळं फोर्ट सिलला, म्हणजे ओक्लाहोमातल्या लष्करी छावणीत, करणारा माणूस होता विल्यम सोल. मेन राज्यातला, अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ ला अँटिटमच्या लढाईत जखमी झालेला, भाऊ बॉस्टनला फोटोग्राफर. युद्धानंतर हा पश्चिमेला आला, आधी कॅन्ससमध्ये फोर्ट डॉजच्या दुकानात कारकुनी केली. त्याचं नाव झालं ते एका भयानक फोटोमुळे, डिसेंबर १८६८ मध्ये फोर्ट डॉजजवळ मारल्या गेलेल्या आणि टाळू सोललेल्या एका गोऱ्या शिकाऱ्याचा, तो जानेवारी १८६९ मध्ये हार्पर्स वीकलीत लाकडी ठशावरून छापला गेला, कारण साप्ताहिकात सरळ फोटो छापायची सोय अजून नव्हती. त्यानंतर फोर्ट सिल बांधलं जात असताना तो तिथे गेला आणि १८७४-७५ पर्यंत राहून कायोवा, कोमांची, शायेन, अरापाहो सगळ्यांचे फोटो काढले. पुढे बॉस्टनला परत, आणि १९०८ ला वारला. म्हणजे जे फोटो आज आपण "कायोवा योद्धे" म्हणून बघतो त्यातला मोठा भाग एका माणसाच्या पाच-सहा वर्षांच्या कामातून आलाय, लष्करी छावणीच्या कुंपणात बसून. तिथे गिऱ्हाईक कोण तर सैनिक, घरी पाठवायला फोटो विकत घेणारे. ही गोष्ट विसरून हे फोटो बघताच येत नाहीत.

मी पुण्यात मास मीडिया करतोय. आमच्या सरांचं म्हणणं की हे सगळे फोटो स्टेज्ड आहेत, कपडे फोटोग्राफरने दिलेले, त्यामुळे पुरावा म्हणून शून्य किंमत. खरंय का?

अर्धं खरं. स्टुडिओत सामान असायचंच, धनुष्य, भाला, कातडं, आणि तेच सामान वेगवेगळ्या माणसांच्या हातात दिसलं की समजायचं हे स्टुडिओचं. मागे रंगवलेला पडदा, त्यावर झाडी, जी त्या माळावर कुठेही नव्हती. पण "शून्य किंमत" म्हणजे जरा जास्तच झालं. सरांना विचारा की मग लग्नाच्या अल्बमचीही किंमत शून्य का? तोही स्टेज्डच असतो.

माझं सांगते. मी आधी हातात काय धरलंय ते बघत नाही, अंगाला काय चिकटलंय ते बघते. केस स्टुडिओ देऊ शकत नाही. कायोवा पुरुष उजव्या बाजूचे केस कानापाशी कापायचे, कानातले दिसावेत म्हणून, आणि डावीकडची वेणी लांब ठेवायचे, बरेचदा पाणमांजराच्या कातड्यात गुंडाळलेली. जेम्स मूनी नावाचा अभ्यासक १८९० च्या दशकात त्यांच्यात राहिला, त्याने हे नीट लिहून ठेवलंय. कानाच्या पाळीला किती भोकं, वेणीला काय बांधलंय, मोकासिनची, म्हणजे कातडी पायताणाची, झालर, हे माणूस घरून घेऊन आलेला असतो. यातूनच एक छान युक्ती मिळते: फोटोत आखूड केस बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, म्हणजे त्या माणसाच्या उजवीकडे दिसले पाहिजेत. उलटे दिसले तर निगेटिव्ह उलटी छापली असण्याचा संशय घ्या. हसू नका, अमेरिकेतला गाजलेला बंदूकबाज बिली द किड डावखुरा होता असं लोक कित्येक वर्षं मानत होते ते फक्त त्याचा पत्र्यावरचा फोटो आरशासारखा उलटा असतो हे लक्षात न आल्यामुळे.

त्यांना जबरदस्तीने बसवायचे का? फोटोत आत्मा जातो म्हणून घाबरायचे असं वाचलंय. (कोल्हापूर)

आत्म्याची गोष्ट सगळ्या जगातल्या सगळ्या "आदिवासींबद्दल" एकाच चालीत सांगितली जाते, त्यामुळे मला तिचा कंटाळा आलाय. कायोवांमध्ये मेलेल्या माणसाचं नाव उच्चारायचं नाही अशी रीत होती हे मात्र पक्कं आहे, आणि ते लक्षात घेतलं की मेलेल्याचा चेहरा कुणाच्यातरी ड्रॉइंगरूममध्ये नावासकट टांगलेला असणं किती विचित्र वाटत असेल याचा अंदाज येतो.

जबरदस्तीचं उत्तर फोटोगणिक बदलतं. १८७२ चा लोन वुल्फचा फोटो घ्या, कायोवा नाव गुइपाहगो. वॉशिंग्टनमध्ये अलेक्झांडर गार्डनरच्या कॅमेऱ्यासमोर तो बसलाय, एका फोटोत बायको एटलासोबत. हा तोच गार्डनर ज्याने यादवी युद्धातली प्रेतं टिपली. बघणाऱ्याला वाटतं सरकारी पाहुणा आहे, सहलीला आलाय. पण तेव्हा त्याचे दोन साथीदार, सटांटा आणि बिग ट्री, टेक्सासच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होते, आणि त्यांना भेटल्याशिवाय मी वॉशिंग्टनला येणार नाही असं त्याने ठणकावलं होतं. सरकारला त्या दोघांना बेड्यांसकट सेंट लुईसला आणावं लागलं, तिथे भेट झाली, मग गडी पुढे निघाला. म्हणजे फोटोत बसलेला माणूस वाटाघाटीच्या ऐन मध्यात आहे. आता परत तो चेहरा बघा आणि सांगा राग आहे की हिशोब चाललाय.

या फोटोंतल्या लोकांचं पुढे काय झालं? नावं असतात पण गोष्ट कुठेच नसते. (डोंबिवली)

हाच प्रश्न मला सगळ्यात आवडला, आणि उत्तर सगळ्यात जड आहे.

सटांटाचं खरं नाव सेट-टेंटे, पांढरं अस्वल. भाषण ठोकण्यात पटाईत, त्याच्याजवळ सैन्याचं बिगुलही होतं. १८६७ मध्ये जनरल हॅनकॉकने खूश होऊन त्याला जनरलचा कोट भेट दिला, आणि काही आठवड्यांत या पठ्ठ्याने तोच कोट घालून फोर्ट डॉजचे घोडे पळवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकी सरकारशी मेडिसिन लॉजचा तह झाला आणि कायोवांना राखीव जमिनीत राहायला सांगितलं, रेशन देतो म्हणाले, ते कधी उशिरा कधी अपुरं. १८ मे १८७१ ला टेक्सासमध्ये कायोवांनी सामान वाहणाऱ्या गाड्यांच्या तांड्यावर हल्ला केला, ७ गाडीवान मेले. त्याच रस्त्याने थोडं आधी खुद्द अमेरिकेचा लष्करप्रमुख जनरल शर्मन गेला होता, त्यामुळे प्रकरण फारच तापलं. फोर्ट सिलला सटांटा, बिग ट्री आणि म्हातारा सटँक, तिघांना पकडलं.

सटँक म्हणजे सेट-आंगया, बसलेलं अस्वल. कोइत्सेंको नावाच्या, फक्त दहा सर्वांत शूर माणसांच्या संघटनेचा प्रमुख. यांच्या प्रमुखाकडे खांद्यावरून जमिनीपर्यंत लोळणारा पट्टा असायचा, लढाईत तो भाल्याने जमिनीत रोवायचा आणि मग तिथून हलायचं नाही. सोलने त्याचा फोटो काढला तो १८७० च्या सुमाराचा, आणि त्याच वर्षी त्याचा मुलगा टेक्सासमध्ये मारला गेला. बापाने जाऊन हाडं गोळा केली आणि पुढे जिथे जाईल तिथे एका वेगळ्या घोड्यावर ती सोबत नेली. ८ जून १८७१ ला तिघांना खटल्यासाठी गाडीतून नेत असताना त्याने कोइत्सेंकोचं गाणं म्हटलं, सूर्य राहतो, धरती राहते, आम्ही मात्र मरायचं, अशा अर्थाचं, हाताची कातडी सोलवटून बेडीतून हात काढला, लपवलेल्या सुरीने पहारेकऱ्यावर तुटून पडला आणि गोळ्या खाऊन मेला. तो फोटो बघताना मला दरवेळी आधी तो हाडं वाहणारा घोडा आठवतो, खरं सांगते.

सटांटा आणि बिग ट्रीला जॅक्सबरोच्या कोर्टात फाशी, मग जन्मठेप, मग १८७३ मध्ये सुटका. १८७४ मध्ये परत युद्ध पेटलं आणि सटांटाला पुन्हा आत टाकलं. ११ ऑक्टोबर १८७८ ला त्याने हंट्सव्हिल तुरुंगाच्या दवाखान्याच्या खिडकीतून उडी मारली, त्यातच गेला. लोन वुल्फला १८७५ मध्ये बेड्या घालून फ्लोरिडाला फोर्ट मॅरियनला पाठवलं, सगळे मिळून ७२ कैदी, तिथे त्याला मलेरिया झाला, १८७८ ला परत आला आणि वर्षभरात संपला. आणि किकिंग बर्ड, ज्याच्या कायोवा नावाचा अर्थ झडप घालणारा गरुड असा सांगतात आणि इंग्रजीत त्याचा लाथ मारणारा पक्षी झाला, तो तर तहाच्या बाजूचा होता, तरी त्याच्याही फोटोखाली योद्धाच. फ्लोरिडाला कोणाला पाठवायचं ती यादी त्याला करायला लावली, त्यानंतर काहीच दिवसांत, मे १८७५ मध्ये, तो अचानक मेला. विष दिलं असं तेव्हापासून बोललं जातं.

फोर्ट मॅरियनमध्ये कैद्यांचे केस कापून, लष्करी कपडे घालून परत फोटो काढले, आणि ते टुरिस्टांना विकले गेले. पण त्याच किल्ल्यात कैद्यांना वह्या आणि रंगीत पेन्सिली मिळाल्या. वोहॉ नावाच्या कायोवा तरुणाने १८७७ मध्ये काढलेलं एक चित्र आहे, मधे तो स्वतः, एकीकडे गवा आणि तंबू, दुसरीकडे गाय, नांगरलेलं शेत आणि घर, आणि दोन्ही जनावरांकडे त्याने हात केलेत. एक पाय शेतावर. मला विचाराल तर सोलच्या कुठल्याही पोर्ट्रेटपेक्षा ते मोठं सेल्फ पोर्ट्रेट आहे.

आपल्याकडे असं काही झालं होतं का?

हो की, त्याच दशकांत. मुंबईत विल्यम जॉन्सनने १८६० च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींचा फोटोसंग्रह काढला, त्यात माणसं एकीकडे टिपलेली आणि मागचं दृश्य दुसऱ्याच निगेटिव्हवरून जोडलेलं. सरकारी "द पीपल ऑफ इंडिया" चे आठ खंड १८६८ ते १८७५ मधले, म्हणजे सोल फोर्ट सिलला होता तेव्हाचेच. फक्त मुंबईत तेव्हा नारायण दाजींसारखे, भाऊ दाजींचे बंधू, स्वतः कॅमेरा चालवणारे लोक होते. कायोवांना त्यासाठी पुढच्या शतकापर्यंत थांबावं लागलं. होरेस पूलॉ, जन्म १९०६, माउंटन व्ह्यू गावचा, त्याने आपल्याच लोकांचे फोटो काढले, गाड्या, मिरवणुका, सैन्यातून सुट्टीवर आलेली पोरं, आणि त्यात माणसं चक्क हसतात. प्रिंटच्या मागे त्याचा शिक्का असायचा, "पूलॉ फोटो, एका इंडियनने काढलेले".

आणि आता एडिसनच्या ताईंचं कार्ड.

भिंग घ्या, दहा पट मोठं दाखवणारं असलं तर उत्तम. रांगेत बारीक ठिपके दिसले तर ती छपाई आहे, फोटो नाही, पोस्टकार्ड किंवा पुस्तकातून कापलेलं. ठिपके नसतील, कागद एकदम पातळ असेल, त्याचे तंतू दिसत असतील आणि उजळ भाग पिवळसर पडले असतील तर अल्ब्युमिन असण्याची शक्यता चांगली. पुठ्ठा साधारण अडीच बाय चार इंच असेल तर छोटं व्हिजिटिंग कार्ड साइज, सव्वाचार बाय साडेसहा असेल तर कॅबिनेट कार्ड, ते १८६६ नंतरच आलं. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला स्टुडिओचं नाव दाबून उठवलेलं आहे का ते तिरक्या उजेडात बघा. पेन्सिलीतल्या "वॉरियर" ला फार भाव देऊ नका, ते कोणीही कधीही लिहिलेलं असू शकतं.

नळ्या शंखाच्या की हाडाच्या हे फोटोवरून ओळखणं अवघड आहे, नादी लागू नका. पण आखूड केस कुठल्या बाजूला आहेत ते बघून कळवा, आणि चिकटपट्टी लावू नका कृपया, मागूनसुद्धा नाही. पुढपाठ दोन्हीचे स्कॅन पाठवलेत तर नाव सापडतंय का ते मी स्मिथसोनियनच्या ऑनलाइन संग्रहात शोधून बघते, सोलचे बरेच फोटो तिथे आहेत.